नवव्या प्रश्नापुढचं शून्य

सोमवार, ६ ऑक्टोबर

आजपासून मी 'प्रशिक्षणार्थी समुपदेशक'. गळ्यात कार्ड आहे. कार्डावरच्या फोटोत मी अशी दिसते की समुपदेशन मलाच लागेल. अपूर्वाचं अपूर्व छापलंय. बदलून देतो म्हणाले.

संस्थेचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, पण काम वस्त्यांमध्ये. पाच प्रशिक्षणार्थी, पाच वस्त्या. निलेशला घाटकोपरची टेकडी मिळाली, मला मढचा कोळीवाडा. मंगळवार आणि शुक्रवार तिथे जायचं, गुरुवारी ऑफिसात येऊन गार्गी मॅडमना केसेस सांगायच्या. गार्गी मॅडम आमच्या पर्यवेक्षक. हळू बोलतात, त्यामुळे सगळे पुढे वाकून बसतात. आज म्हणाल्या, "माणूस जे बोलला ते लिहायचं. तुम्हाला जे वाटलं ते फॉर्मवर नको. त्यासाठी घरी एक वही ठेवा. ती मी मागणार नाही." म्हणून ही वही.

आईने विचारलं, "म्हणजे तू डॉक्टर झालंस काय गो?"

"नाही."

"मग नर्स?"

"नाही गं."

"मग मावशीक काय सांगू?"

मलाही सांगता आलं नाही. एम.ए. झालं, दोन वर्षं पुस्तकं वाचली, आणि मी कोण आहे हे एका वाक्यात सांगता येत नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

वर्सोव्याहून फेरीबोट. पाच मिनिटांत पलीकडे. बोटीत स्कूटर, बकरी, शूटिंगवाल्यांच्या पेट्या आणि मी.

मच्छीमार सोसायटीच्या हॉलमागे एक खोली दिलीय. बर्फाच्या लाद्यांची ओल भिंतीतून आत येते. तिथे सुगंधाताई भेटल्या. त्या इथल्याच, कोळीवाड्यातल्या. सहा वर्षं संस्थेचं काम करतात. घरोघरी त्याच नेतात. माझी ओळख करून देताना म्हणाल्या, "ही आपली टेन्शनवाली म्याडम." नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डोक्याची डॉक्टरीन बोलली असती तर एक पन बाय आली नसती. टेन्शन सगल्यांना हाय."

दिवसभरात चार जणी आल्या. दोघींना रेशनकार्डाचं विचारायचं होतं, एकीला गुडघ्याचं. चौथी नुसती बसून गेली, कारण खोलीत पंखा आहे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

पहिली खरी केस! पुतळाबाई. पन्नाशीच्या. मालाडच्या बाजारात मासळी विकून परस्पर आल्या, रिकामी टोपली दाराबाहेर ठेवली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

"माजा काय नाय गो बाय. घरच्यांचा इचारायचाय."

त्यांचे मिस्टर, हरेश्वर, तांडेल आहेत, म्हणजे बोट चालवणारे. तीस वर्षं. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच फेरीत जाळं ओढताना यंत्र वेळेवर थांबलं नाही. यंत्रावर हरेश्वरकाकांचा हात होता. एका खलाशाची दोन बोटं गेली. तेव्हापासून ते बोटीवर चढलेले नाहीत. ओट्यावर बसतात, तेही समुद्राकडे पाठ करून. मुलगा कृणाल बंगल्यांमधल्या शूटिंगला लाइटचं काम करायचा. ते सोडून तो आता बोट घेऊन जातो.

मी विचारलं, "काका झोपतात का?"

"तो नाय झोपत. मी झोपते ना, उभ्या उभ्या! परवा गिऱ्हाईक बोंबील मागत होता आन माजी मान खाली." त्या हसल्या. मीही हसले. "तीनला उठते, लिलावाला जाते, बाजार करते, मग याला घास भरवायला बसते."

मग मी काकांच्या जेवणाचं, रागाचं, दारूचं सगळं विचारलं. दोन पानं भरली. छान झाली मुलाखत. जाताना त्यांना उठायला जरा वेळ लागला. कंबर असेल.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सुगंधाताईंबरोबर पुतळामावशींच्या घरी गेले. हरेश्वरकाका बाबांच्याच वयाचे. हात एवढे मोठे की कपबशी बाहुलीची वाटते. मी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले. सुगंधाताई आत गेल्या.

नऊ प्रश्नांचा फॉर्म भरायचा असतो. प्रत्येकाला शून्य ते तीन. झोप? "नाय." म्हणजे रोज? "रोज." भूक? खांदे उडवले. कशात मन लागतं का? "कशात लावायचा?" असं म्हणाले. हे कितीत बसवायचं ते कळेना, दोन दिले.

नववा प्रश्न असा आहे: आपण नसतो तर बरं झालं असतं, किंवा स्वतःचं काही करून घ्यावं, असे विचार येतात का?

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या आणि कृणाल दारात येऊन उभा राहिला. वडिलांच्या वयाच्या माणसाला, त्याच्या ओट्यावर, त्याच्या मुलासमोर, त्याच्या बायकोच्या हातचा चहा पिता पिता हे कसं विचारायचं? वर्गात आम्ही एकमेकांना दहा वेळा विचारलं होतं. निलेश तर "हो, येतात, तुझं हे कॅन्टीनचं सँडविच बघून येतात" म्हणाला होता. इथे जीभच हलली नाही. मी पान उलटलं. बोटीत बसल्यावर शून्य लिहिलं. तसे ते वाटत नाहीत. साधे, पोटापाण्याचे गृहस्थ आहेत.

बेरीज चौदा. मध्यम.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

गार्गी मॅडमना केस सांगितली. चौदा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बरं वाटेल तेव्हा काम करू असं खिन्न माणूस म्हणतो. आपण उलटीकडून जायचं. आधी काम. छोटंसं, रोज एक. त्याचा तक्ता त्यालाच भरू दे."

उद्या तक्ता घेऊन जाते. सात रकाने, वर वार. रंगीत पेनने आखलाय.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

काकांनी तक्ता हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"काय पन काम?"

"कुठलंही, काका. छोटं चालेल. राहून गेलेलं एखादं. रोज एक."

"बरं," म्हणाले. घडी घालून खिशात ठेवला.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज गेले. तक्ता कोरा. एका रकान्यात फक्त 'बसलो' असं लिहिलंय. मावशी वैतागल्या होत्या. "सनाला दारात कंदील पन मीच लावला, स्टुलावर चढून." मी त्यांना सांगितलं की हा आजाराचा भाग आहे, कुटुंबाने धीर धरायचा असतो. त्या मान हलवून 'हाव' म्हणाल्या आणि मासळी साफ करायला बसल्या.

परत येताना मला वाटलं की मी पुस्तकातली पानं फाडून लोकांना वाटत फिरतेय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

झकास! विश्वास बसत नाही. तक्ता भरला! काकांनी स्वतः, पेन्सिलीने, शाळेत घोटून घेतलेल्या अक्षरात. उतरवून ठेवते:

शनिवार – घराचे, बोटीचे कागद एका पिशवीत लावले.
रविवार – खारदांड्याला बहिणीकडे जाऊन आलो. चार वर्सांनी.
सोमवार – हिला फोनवरून ग्यासचा नंबर लावायला शिकवला.
मंगळवार – इंजिनाचा सगला कृणालला दाखवला.
बुधवार – खलाश्याच्या घरी जाऊन पाया पडलो.
गुरुवार – दाराची कडी बसवली.

सहा दिवस, सहा कामं! आणि बोलत होते. बहिणीने केलेल्या कोलंबीच्या कालवणाबद्दल बोलले. आज मी निघताना काका आत जाऊन एक मोठी बॅटरी घेऊन आले, बोटीवर वापरतात तशी. "तू जातेस तवा धक्क्यावर काळोख पडतो. पायऱ्यांना शेवाल हाय. ठेव."

भेटवस्तू घ्यायच्या नाहीत असा नियम आहे. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "मना आता काय कामाची?" शेवटी घेतली. न घेणं उद्धटपणाचं झालं असतं. गुरुवारी मॅडमना विचारते, नियम मोडला का ते. हीच एक काळजी आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

फॉर्म पुन्हा भरला. झोप, एक. भूक, एक. मन लागतं का? "आता हलका वाटतं." बेरीज सहा! चौदावरून सहा, चार आठवड्यांत.

नववा प्रश्न या वेळी विचारायची गरजच नव्हती. माणूस हसत होता. हसणाऱ्या माणसाला असलं काही विचारून आपणच त्याच्या डोक्यात भरवायचं? असं होत नसतं, हे शिकवलंय आम्हाला, विचारल्याने कोणी तिकडे वळत नाही. तरीपण. शून्य.

एक गोष्ट मात्र कळली नाही. मावशींना आनंद झालेला दिसला नाही. मला मोरीपाशी नेऊन हळूच म्हणाल्या, "बाय, मना भ्या वाटतं. इतका चांगला तो कवा वागला नाय. माज्यासंग बसून जेवला. माज्या हाताला पानी दिला."

"मावशी, माणूस बरा होताना घरच्यांनाच सवय नसते."

"असं असतं काय?"

"हो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू शिकलेली हाईस."

गुरुवार, १३ नोव्हेंबर, दुपार, ऑफिसच्या जिन्यात

काय झालं ते मला समजत नाहीये. सगळ्यांसमोर केस मांडली. आलेख काढून नेला होता, चौदावरून सहावर येणारी रेघ. निलेश म्हणाला, "यार, तू तर मैदान मारलंस." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

गार्गी मॅडमनी टाळी वाजवली नाही. तक्ता हातात घेऊन वाचत राहिल्या. खूप वेळ. मग विचारलं, "नवव्या प्रश्नाला काय म्हणाले?"

"शून्य," मी म्हटलं.

"शून्य तू लिहिलंस. ते काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

मी एवढं सहज बोलले की मलाच खरं वाटलं.  मॅडमना फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. बैठक संपली. कौतुक करायचं सोडून त्यांनी नेमकं तेच का विचारलं? मी घरी जातेय. डोकं दुखतंय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काल ऑफिसमधून रिक्षा केली. सिग्नलला अडकली, म्हणून पिशवीतून तक्ता काढला. वरून खाली पुन्हा वाचला. आतापर्यंत मी सहा कामं मोजली होती. एका माणसाने सहा दिवसांत काय केलं, म्हणून वाचलं नव्हतं.

कागद लावले. बहिणीला भेटला. आपण नसताना गॅसचा नंबर कसा लावायचा ते बायकोला शिकवलं. इंजिन मुलाच्या हवाली केलं. ज्याची बोटं गेली त्याच्या पाया पडला. दाराला कडी बसवली. आणि जी पोरगी काळोखात धक्का उतरते तिला बॅटरी दिली.

वर्षअखेरच्या परीक्षेत हा प्रश्न होता. धोक्याची लक्षणे लिहा, पाच गुण. अचानक आलेली शांतता, आवराआवर, वस्तू देऊन टाकणे. मला साडेचार मिळाले होते.

मॅडमना फोन लावला. पहिलं वाक्य हे बोलले, "मॅडम, मी विचारलंच नव्हतं. दोन्ही वेळा. शून्य मी लिहिलं."

त्या म्हणाल्या, "मीही आत्ता तुलाच लावत होते. तू पुतळाबाईंना लाव. मी सुगंधाला लावते."

मावशींनी चौथ्या रिंगला उचलला. मागे बाजाराचा कालवा.

"मावशी, काका कुठे आहेत?"

"बोटीवर गेलंत. दुपारी. बोलले, बोट नांगरावर हाय, जरा बघून येतो."

"एकटे?"

पलीकडे नुसता कालवा. मग त्यांनी फोन ठेवला नाही, तसाच सोडून दिला. टोपली पडल्याचा आवाज आला.

रिक्षा वर्सोव्याला वळवली. मी पलीकडे पोचले तेव्हा कृणाल आणि दोघं जण दुसरी होडी घेऊन निघाले होते. सुगंधाताईंनी त्यांना घरातून अक्षरशः ओढून काढलं होतं. ऊन उतरत होतं. मावशी मालाडहून रिक्षाने आल्या, पदर कमरेला खोचलेला, हाताला मासळीचा वास. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. धक्क्यावरच्या दगडावर बसल्या आणि पाण्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या शेजारी उभी होते. सॉरी म्हणायचं होतं. पण ते मला मोकळं वाटावं म्हणून होतं, असं वाटलं, म्हणून गप्प बसले.

पाऊण तासाने होडी परत येताना दिसली. तिघं गेले होते, चौघं होते. सुगंधाताईंनी मोजलं आणि देवीचं नाव घेतलं. काका मधे बसले होते, कृणालने त्यांचं मनगट धरलं होतं. लहान मुलाला गर्दीत धरतात तसं. काकांना काही झालं नव्हतं. कृणाल नंतर म्हणाला, "बोटीच्या टोकावर बसला होता. आम्ही गेलो तर बोलला, तुमाला कोनी सांगितला? बस. एवढाच बोलला. वाट लावली ना रे याने माझी."

मी मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आनंद असेल असं धरून पाहिलं होतं. जे दिसलं त्याला मला शब्द सापडत नाही. त्यांनी डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

काका पायऱ्या चढून वर आले. मला पाहून थांबले.

"तू आज कशी? आज तर गुरुवार."

संध्याकाळी गार्गी मॅडमबरोबर आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. भरती करून घेतलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मॅडमनी केबिनचं दार लावून घेतलं. मी राजीनामा लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला आणि परत दिला.

"हा घेणं सोपं आहे. तुलाही आणि मलाही."

मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"हरेश्वर आजारी झाले ते तुझ्यामुळे नाही. लक्षणं हुकली, ती माझीही हुकली. तुझे आकडे मीही चार आठवडे ऐकत होते. त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. पण तू न विचारता लिहिलंस आणि मी विचारल्यावर खोटं बोललीस. त्याबद्दल बोलणार आहे."

त्या बोलल्या. ते इथे लिहीत नाही. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. फाइलमध्ये नोंद होईल. दोन महिने एकटीने कोणाला भेटायचं नाही, सुगंधाताई किंवा मॅडम सोबत हव्यात. प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून.

निघताना मी विचारलं, "मॅडम, मी त्यांना वाचवलं की त्या टोकापर्यंत मीच नेलं?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुलाही कधी नक्की कळणार नाही. या कामात ते असंच राहतं."

आईला काही सांगितलं नाही. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, काम कसं चाललंय. चाललंय म्हटलं.

मंगळवार, २ डिसेंबर

काका घरी आलेत. मॅडमबरोबर भेटायला गेले. काका ओट्यावर बसले होते, तोंड सुकतं म्हणून शेजारी पाण्याचा तांब्या. गोळ्यांमुळे होतं म्हणे. मॅडम मावशींशी बोलायला आत गेल्या, दार उघडं ठेवून.

मी ठरवून गेले होते ते बोलले. "काका, मी तुम्हाला एक प्रश्न विचारायला हवा होता. दोनदा. विचारला नाही. आज विचारते." आणि विचारला. शब्द न शब्द.

ते पाण्याकडे, म्हणजे तांब्याकडे, बघत राहिले.

"तवा येत होते. रोज. आता कवा कवा."

"तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

"सांगितला असता." मग म्हणाले, "नाय, कदाचित नसता सांगितला. तू लहान पोर. मना ठाव नाय गो."

मला वाटलं, एवढंच. पण ते पुढे म्हणाले, आवाजात जराही राग नव्हता, "तूच बोललीस ना, ऱ्हाऊन गेलेला काम कर. रोज एक. तवा मना सुचला, काय काय ऱ्हायलाय ते."

 मॅडमनी आतून हे ऐकलं होतं. परतताना बोटीत त्या म्हणाल्या, "तक्ता द्यायला मी सांगितला होता."

मंगळवार, १६ डिसेंबर

फॉर्म. नऊही प्रश्न, सुगंधाताईंसमोर. बेरीज अकरा. नवव्याला एक. तो 'एक' त्यांनी स्वतः बोट दाखवून सांगितला.

अकरा म्हणजे सहापेक्षा वाईट. तरी मला हे अकरा बरे वाटतात. हे बरोबर आहे का ते कळत नाही.

बोटीवर चढत नाहीत. पण सकाळी किनाऱ्यावर जाऊन दुसऱ्यांची फाटलेली जाळी शिवतात. कृणाल म्हणतो, शिवण इतकी घट्ट की मासा बघूनच परत जाईल. त्याने नव्या वर्षात शूटिंगचं काम पुन्हा धरायचं ठरवलंय. बोट कोण चालवणार याचं अजून ठरत नाहीये, त्यावरून घरात आवाज चढतात. सुगंधाताई म्हणाल्या, भांडतायत ते बरं हाय.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आज सुगंधाताई लसीकरणाच्या कॅम्पला गेल्या होत्या. खोलीत मी एकटी होते, म्हणजे फक्त नोंदवही लावायची, कोणाला भेटायचं नाही. अकराच्या सुमारास दारात पुतळामावशी. टोपली बाहेर ठेवली, आत आल्या आणि आज खुर्चीत मागे टेकून बसल्या.

"काका बरे आहेत ना? गोळ्या?"

"त्याचा नको इचारूस." जरा कडकच आवाज. "आज माजा लिव."

 अडीच महिन्यांत मी त्यांना काय काय विचारलं ते आठवायला लागले. तो झोपतो का. तो जेवतो का. त्याला राग येतो का.

"मावशी, मला एकटीने बोलायची परवानगी नाही. सुगंधाताई दुपारी येतील, तेव्हा..."

"सुगंधा नको. शेजारीन हाय ती माजी. उद्या मना तिच्यासंग नळावर भांडायचा असतं." त्या उठायला लागल्या. "ऱ्हाऊ दे. मग कवा तरी."

'मग कवा तरी' ऐकलं आणि मी त्यांच्यासमोरच मॅडमना फोन लावला. जे होतं ते सांगितलं. मी एकटी आहे, पुतळाबाई आल्यात, स्वतःसाठी आल्यात, जायला निघाल्यात.

मॅडम म्हणाल्या, "त्यांना विचार, मी आलेलं चालेल का. मी निघते. तोवर बस त्यांच्याजवळ. सल्ला देऊ नकोस, समजूत काढू नकोस. ऐक."

मावशींना चाललं. पुन्हा बसल्या. मी फॉर्म काढला आणि परत ठेवला. खुर्ची टेबलाच्या मागून काढून त्यांच्या बाजूला आणली. पाण्याचा ग्लास दिला.

"कुठून सांगू?"

"कुठूनही."

त्या ग्लास दोन्ही हातांत धरून बसल्या. पलीकडे बर्फ फोडत होते. तो आवाज थांबल्यावर त्या बोलल्या.

"त्या दिशी होडी परत आली ना. सुगंधा चार मानसा मोजून देवीला हात जोडत होती. तवा मना..." थांबल्या. "तवा मना राग आला. परत कशाला आनला, असा. एकदाची मी झोपली असती." आणि माझ्याकडे बघितलं. मी पेन उचलते का, तोंड वाकडं करते का, ते बघत होत्या.

मला काय वाटायला हवं होतं ते आत्ताही कळत नाही. भीती वाटली. कीव आली. आणि थोडं हायसंही वाटलं, त्याचं कारण मला सांगता येणार नाही. ओठांवर तीन-चार वाक्यं आली होती, सगळी पुस्तकातली. एकही बोलले नाही. मान हलवली.

"तीस वर्स माजा मानूस हाय तो. पापीन हाय ना मी?"

"मी ऐकतेय, मावशी."

मग त्या बोलायला लागल्या. लग्न होऊन या वाड्यात आल्या तिथपासून. पाणी प्यायल्या नाहीत, ग्लास हातात धरूनच बोलत राहिल्या. मधे एकदा खूप रडल्या, मग पदराने तोंड पुसून, जिथे थांबल्या होत्या त्याच वाक्यापासून पुढे.

गार्गी मॅडम आल्या तेव्हा मावशी बोलतच होत्या. मॅडमनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला होता. त्यांनी तो मागे घेतला आणि बाहेर टोपलीशेजारी, पायरीवर बसून राहिल्या.